वेगळं करून पाहणारे गोविंदराव

गोविंदराव जेवायला बसले की मी माझं ताट विसरून त्यांच्या ताटाकडे बघत बसे. आत्याबाईंनी वाढलेली भाजी ते आधी निवडायचे. वांगी एकीकडे, शेंगांचे दाणे दुसरीकडे, रस तिसरीकडे. वरणाच्या वाटीला ते हात लावायचे नाहीत. डाळ खाली बसेपर्यंत थांबायचे, मग वरचं पाणी पिऊन टाकायचे आणि खालची डाळ भाकरीशी खायचे. भाकरीचासुद्धा पापुद्रा आधी सुटा व्हायचा. एकदा मला राहवलं नाही. म्हटलं, "अहो, पोटात गेल्यावर सगळं एकच होणार ना?"

"पोटात काय होते ते पोटाले माहीत," ते म्हणाले. "जिभेले त समजलं पाह्यजे, चव कोनाची हाये. वेगळं करून पाह्यल्याबिगर कसं समजन, मास्तर?"

हे अकोल्यातलं. अमेरिकेत लढाई पेटली होती, तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला होता आणि वऱ्हाडच्या कापसाला एकदम भाव आला होता. मी पुण्याकडून सरकारी शाळेवर मास्तर म्हणून आलो होतो. गोविंदराव सरकारी दवाखान्यात कंपौंडर होते. आमच्या घरांमध्ये एक कुडाची भिंत होती आणि ती मनावर घेण्यासारखी नव्हती. त्यांच्याकडे फोडणी पडली की मला ठसका लागायचा. पहिल्याच भेटीत त्यांनी मला विचारलं, "काहून आले एवढ्या दूर? तिकडे पोट्टे शिकत नाईत का?" मी आठवडाभर रुसून होतो. वऱ्हाडात स्वागत असंच करतात हे मला नंतर कळलं.

माणूस उंच, काटकुळा, चष्म्याची एक काडी सुतानं बांधलेली. बोटांवर औषधांचे पिवळे-तपकिरी डाग कायमचे. कुठलीही वस्तू हातात आली की आधी वास घ्यायचे, मग उजेडात धरायचे. मी त्यांना माझ्या बदलीचं पत्र वाचायला दिलं होतं, तेही त्यांनी आधी हुंगलं. घरात ते, त्यांची थोरली विधवा बहीण आत्याबाई आणि अधूनमधून माहेरी येणारी मुलगी यमुना. यमुनेला अमरावतीजवळ वलगावला दिली होती. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्याबद्दल ते बोलत नसत आणि मी विचारलं नाही.

गावात त्यांची ख्याती वेगळ्याच कारणानं होती. कुणी मध आणून दाखवी, कुणी तूप, कुणी ओला लागलेला कापूस. ते मधातला गूळ काढून दाखवत, तुपातली चरबी काढून दाखवत, कापसाचा पुंजका वाळवून त्यात पाणी किती होतं ते सांगत. मग आणणारा हमखास विचारी, "म्हनजे आमच्या तेल्यानं लबाडी केली ना?" त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं असे. "वाईट काय हाये ते मी सांगतलं. वाईट कोन हाये ते तुमी पाहा. ते माह्या बाटलीत येत नाई."

सापांचा नाद त्यांना कसा लागला ते सांगतो. भाव वाढल्यापासून लोकांनी बांधापर्यंत कापूस पेरला होता. अंगणात, ओट्यावर, जागा मिळेल तिथे कापसाच्या गंजी. सरकीला उंदीर आले आणि उंदरांमागे साप. वेचणीच्या दिवसांत दवाखान्यात साप चावलेली माणसं फार येत. एका आठवड्यात दोन बाया आणल्या. पहिलीच्या पायाला सूज अशी नव्हती. तिच्या पापण्या जड झाल्या, जीभ जड झाली, मग श्वास मंद होत थांबला. दुसरीचा पाय मांडीपर्यंत सुजला, हिरड्यांतून रक्त येत राहिलं आणि ती तिसऱ्या दिवशी गेली. दवाखान्याच्या वहीत दोघींपुढे एकच शब्द होता, सर्पदंश. त्या संध्याकाळी गोविंदराव माझ्या ओट्यावर येऊन बसले.

म्हणाले, "मास्तर, एकीचा श्वास बंद झाला, एकीचं रक्त थांबेना. याले एक नाव कसं देता?"

पहिलीला नाग चावला होता, दुसरीला आम्ही घोणस म्हणतो तो साप. वऱ्हाडात त्याला परड म्हणतात. दवाखान्याचे गोरे साहेब जुने झाले होते आणि त्यांना कंपौंडरचं कौतुक होतं. बदलीवर जाताना त्यांनी एक फाटकं इंग्रजी पुस्तक, एक काचेचं नरसाळं आणि लहान तराजू मागे ठेवला होता. गोविंदरावांचं इंग्रजी बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांपुरतं. पुस्तक मी वाचून सांगायचो. त्यात एका पानावर होतं की तिकडे कुणी सापाच्या विषात स्पिरिट घालून त्याचे दोन भाग केले. ते पान त्यांनी माझ्याकडून इतक्यांदा वाचून घेतलं की मला अजून पाठ आहे.

साप आणायचा झिंगाजी गारुडी. तो परतवाड्याच्या बाजारापासून मेळघाटाच्या पायथ्यापर्यंत भटकायचा, आणि येताना आत्याबाईंसाठी धावड्याचा डिंक, मोहाची फुलं असं काहीबाही आणायचा. तो वाटीच्या तोंडावर पळसाचं पान ताणून बांधी आणि नागापुढे धरी. नाग पानाला डसला की खाली वाटीत पिवळसर थेंब पडत. मी तेव्हा नेहमी उंबरठ्याच्या बाहेर असे. गोविंदराव मात्र वाटीवर असे वाकत की झिंगाजीच ओरडे, "सायेब, मांगं सरका. त्याले अक्कल नाई, तुमाले त हाये ना?"

ते थेंब बशीत पसरून उन्हात ठेवले की वाळून तडकत आणि त्यांच्या पिवळ्या, पारदर्शक कण्या होत. डिंक कुटल्यावर दिसतो तशा. त्या कण्या पाण्यात विरघळवायच्या. त्यात दवाखान्यातलं कडक स्पिरिट थेंबाथेंबानं सोडायचं. पाणी गढूळ होई आणि हळूहळू पांढरा साका खाली बसे. वरचं पाणी टिपकागदातून गाळून एका बाटलीत, साका दुसऱ्या बाटलीत. टिपकागद माझ्या शाळेचा असे, हे आता कबूल करायला हरकत नाही. मग देवी टोचायच्या सुईनं एका कोंबडीला पाण्याचा भाग, दुसरीला साक्याचा. पाण्याची कोंबडी दाणे टिपत राही. साक्याची पंधरा-वीस मिनिटांत बसे, तिच्या पापण्या मिटत, मान जमिनीला टेके. आत्याबाई त्या दिवशी दोनदा आंघोळ करायच्या आणि भावाशी बोलायच्या नाहीत. एक काळी कोंबडी त्यांनी परस्पर स्वतःची म्हणून जाहीर केली होती. तिला हात लावायची गोविंदरावांची छाती नव्हती.

पुढे त्यांनी विष उकळून पाहिलं. परडाचं उकळलं की नासलेल्या दुधासारखं फाटायचं. गाळून घेतलेलं पाणी टोचलं तर कोंबडीचं रक्त वाहायचं नाही, जिवालाही फारसा धोका व्हायचा नाही. नागाचं उकळलं तरी कोंबडी तशीच मान टाकायची. त्या दिवशी गोविंदराव माझ्या शाळेत वर्गात घुसले. पोरांसमोर म्हणाले, "मास्तर, परडाचं मरते, नागाचं मरत नाई! दोन वेगळी जनावरं हायेत ती, आत बाटलीतसुद्धा!" पोरांना वाटलं मास्तरांच्या घरी साप निघाला. तो तास तिथेच संपला.

विष पोटात गेलं तर काय होतं तेही त्यांनी पाहिलं होतं. पिठाच्या गोळीत घालून कोंबडीला चारलं, तिला काही झालं नाही. हे सगळं मी सुवाच्य अक्षरात लिहून काढलं आणि बदलून गेलेल्या साहेबांना पाठवलं. उत्तर आलं, काम चांगलं आहे, स्पिरिट जपून वापरावे. गोविंदरावांनी ते पत्र हुंगलं आणि फळीवर ठेवलं.

पण या माणसाचं खरं कसब मी एका गाडीवानाच्या वेळी पाहिलं. तेल्हाऱ्याकडून कापूस घेऊन आलेल्या या गड्याला गंजीत हात घालताना साप चावला होता. चौघांनी उचलून आणलं. डोळे पांढरे, अंग गार, तोंडानं "गेलो, गेलो" एवढंच. गोविंदरावांनी हात उजेडात धरला. दातांची बारीक रांग उमटली होती, धामणीची. धामणीला विष नसतं. त्यांनी तसं सांगितलं, पण गडी ऐकेना.

"बाप्पा, माह्या डोयांपुढे अंधार येऊन राह्यला न तुमी म्हनता काई नाई!"

"अंधार येतच असन," गोविंदराव शांतपणे म्हणाले. "तुह्यात दोन गोष्टी हायेत. एक इख, एक भेव. मले वेगळ्या करू दे. नाग असता त घंट्याभरात पापण्या खाली येतात, उचलतो म्हटलं तरी उचलत नाईत. हा घे आरसा. पाहात बस. खाली आल्या की मले आवाज दे."

गडी खांबाला टेकून आरशात स्वतःच्या पापण्या बघत बसला. तास झाला, दोन झाले. मग त्यानं मिशीला पीळ दिला. मग आरसा परत करून, गाडीच्या बैलांना पाणी कोण पाजतंय म्हणून तणतणत निघून गेला. गोविंदराव मला म्हणाले, "याच्यात इख शून्य होतं, पन नुसत्या भेवानंही गेला असता. अर्धे त भेवानंच जातात." हे वाक्य मला लवकरच फार जड जाणार होतं.

त्या हिवाळ्यात यमुना बाळंतपणाला आली. मुलगी झाली. मागची, उन्हाची खोली बाळंतिणीला दिली आणि तिथला गोविंदरावांचा पसारा माजघरातल्या फडताळात गेला. मी मदत केली. प्रत्येक बशीला, बाटलीला चिठ्ठी लावली. 'नाग. विष. हात लावू नये.' अक्षर असं काढलं होतं की गोविंदरावांनी मान डोलावली. आत्याबाईंना वाचता येत नाही, हे आम्हा दोघांपैकी एकालाही सुचलं नाही. मी पेशानं मास्तर. त्या गोष्टीची लाज मला आजही वाटते.

बारसं झालं आणि आत्याबाईंनी डिंकाचे लाडू करायला घेतले. त्या दिवशी रविवार होता. दुपारी मी आणि गोविंदराव ओट्यावर बसलो होतो. आत्याबाई हात पुसत बाहेर आल्या.

"गोविंदा, झिंगाजीले म्हन, डिंकात मिसळ करून राह्यला तो. पुडीतला बरा फुलला. कमी पडला म्हनून म्या फडताळातल्या बशीतला टाकला, त फुलायचं नाव नाई. तुपात जळून काया झाला. कुटून घातला तसाच."

गोविंदराव उभे राहिले. "कोनत्या बशीतला?"

"वरच्या. पांढऱ्या बशीतला. काहून?"

"लाडू कोनी खाल्ला?"

"यमुनेनं. आत्ताच देल्ला, अख्खा खाल्ला पोरीनं."

मी बशी पाहायला धावलो. ती पुसून पालथी घातली होती. बाजूला माझी चिठ्ठी पडली होती, तुपाचा डाग लागलेली. आत्याबाईंना काय झालं ते कळलं तशा त्या "अवं माय वं!" म्हणत भिंतीला धरून खाली बसल्या. गोविंदरावांनी त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

"आवाज नको," ते म्हणाले. "तिच्या कानावर एक शब्द गेला त इखाची गरजच पडनार नाई."

मी त्यांच्या कानाशी लागलो. "पोटातून बाधत नाही ना? तुम्हीच पाहिलंय. आणि तुपात तळलंय."

"परडाचं असतं त तुपात मेलं असतं," ते म्हणाले. त्यांचा आवाज अगदी दवाखान्यातला होता. "हे नागाचं हाये. उकळून मरत नाई हे आपनच पाह्यलं. तळून पाह्यलं नाई. अन् कोंबडीले दात नसतात, मास्तर. हिच्या हिरडीतून सकाळी रक्त येत होतं, तिथून इख रक्तात जाऊ शकते. मलेच दाखोलं तिनं."

मग त्यांनी लाडवांची परात पुढे ओढली, एक लाडू उचलला आणि तिथेच उभ्यानं खाल्ला. न निवडता, न हुंगता, चार घासांत. त्यांना असं खाताना मी तेवढं एकदाच पाहिलं. तोंडही न पुसता त्यांनी दुसरा लाडू माझ्या हातावर ठेवला. मला वाटलं आता माझी पाळी.

"खाऊ नका," ते म्हणाले. "वेगळा करा. कोमट पान्यात कुस्करा, तूप वर येईन ते काढा, टिपकागदातून गाळा न कोंबडीले टोचा. सुई फडताळात हाये. मी तिच्यापाशी बसतो."

"मी?"

"मग कोन? तुमी सगळं लिहिलं हाये ना?"

ते मागच्या खोलीत गेले. मी परसात बसलो. आयुष्यात ज्याला मी लांबून पाहत आलो ते काम माझ्या हातात होतं. लाडू कुस्करला, तूप निवळलं, ते फडक्यानं टिपलं. टिपकागदातून थेंब इतके हळू पडत होते की मला त्या कागदाला शिव्या द्याव्याशा वाटल्या. अंगणात कोंबडी एकच उरली होती, आत्याबाईंची काळी. आत्याबाईंनी स्वतः ती पकडून आणली, पदरात तिचं डोकं झाकलं आणि तिची मांडी माझ्यापुढे केली. त्या रडत होत्या. "टोचा," म्हणाल्या. मी पुन्हा पुन्हा सुई बुडवून टोचली.

आतून यमुनेचा आवाज येत होता. उघड्या दारातून मला ते तिघं दिसत. गोविंदराव खाटेजवळ पाटावर बसले होते. नात त्यांच्या मांडीवर. ती भुकेनं कुरकुर करू लागली तसे ते तिला खांद्यावर घेऊन येरझारा घालू लागले.

"द्या ना बाबा, तिले भूक लागली."

"राहू दे उलसं. माह्यापाशी कधी राहते ती? मले आज सुटी हाये." आणि बोलता बोलता त्यांची नजर मुलीच्या डोळ्यांवर. एकदा यमुनेची पापणी झपकन खाली आली. गोविंदराव असे थबकले की पोर दचकून रडायला लागली. यमुनेनं डोळे उघडले आणि तेव्हापासून ती बोलतच सुटली. वलगावच्या सासूबाईंच्या शिस्तीपासून गोठ्यातल्या म्हशीपर्यंत तिनं काही सोडलं नाही. यमुना मुळात अबोल. तिला इतकं बडबडताना मी कधी ऐकलं नव्हतं. मला वाटलं लाडवाचं तूप अंगी लागलं असावं.

इकडे काळी कोंबडी थोडा वेळ अंगणात फिरली. मग कोपऱ्यातल्या कडब्याशी गेली, पिसं फुगवली आणि बसली. आत्याबाईंनी माझा दंड पकडला. कोंबडीनं मान आत घेतली. डोळे अर्धे मिटले. मी उठून दारापाशी गेलो आणि गोविंदरावांकडे नुसतं पाहिलं. त्यांना कळलं. त्यांनी नातीला छातीशी घट्ट धरलं आणि मुलीकडे पाठ फिरवून उभे राहिले, कारण त्यांचा चेहरा तिला दिसायला नको होता. मी त्या माणसाला तसं पाहिलेलं कधी विसरणार नाही.

तेवढ्यात मागून आत्याबाई ओरडल्या. काळी उठून उभी होती, पंख झाडत होती, आणि अख्खी आळी जागी होईल अशी कोकलत होती. तिच्या खाली कडब्यात अंडं होतं.

मी हसलो की रडलो ते मला सांगता येणार नाही. आत्याबाई जमिनीवर बसून पदर तोंडात धरून हसत होत्या. गोविंदराव बाहेर आले, अंडं उचललं, उजेडात धरलं, हुंगलं.

"कोंबडीनं साक्ष देल्ली," ते म्हणाले. "पन लाडवात किती होतं न पान्यात किती उतरलं, काय सांगता येते? अर्धीच साक्ष समजा." आणि परत आत जाऊन बसले. ऊन परसातून भिंतीवर चढेपर्यंत बसले. त्यांच्या स्वतःच्या पापण्या टक्क उघड्या होत्या, यमुनेच्याही. शेवटी त्यांनी तिला "जीभ दाखव", "मान वर कर", "माह्या हाताले जोर लाव" असं करून पाहिलं. तिनं त्यांचं बोट असं दाबलं की ते ओरडले. मग त्यांनी रडून लाल झालेली नात तिच्या ओटीत ठेवली.

"घे," ते म्हणाले. "पाज पोरीले."

एवढं बोलून ते जे बाहेर आले ते माझ्या ओट्यावर आडवे झाले आणि त्यांना झोप लागली. उरलेले लाडू आत्याबाईंनी खोल खड्डा करून पुरले. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक बशीवर आणि बाटलीवर माझ्या चिठ्ठीखाली गोविंदरावांच्या हातचा फण्याचा नाग आला. चित्रकला त्यांच्या अंगात नव्हती, तो नाग वरणाच्या पळीसारखा दिसे. आत्याबाई त्याला हात जोडून मगच फडताळ उघडत. त्या दुपारबद्दल गोविंदरावांनी वहीत एक अक्षर लिहू दिलं नाही. मी म्हटलं, चांगला अनुभव आहे, विष तळून पोटात गेलं तरी बाधलं नाही, साहेबांना कळवू. ते म्हणाले, "माह्या पोरीले मी कोंबडी म्हनून लिहू का?" मी तो विषय पुन्हा काढला नाही.

बाळ तीन महिन्यांचं झालं आणि यमुनेला सासरी धाडायचं ठरलं. त्याच सुमारास माझी बदली अमरावतीच्या शाळेवर झाली, म्हणून एकाच गाडीनं जायचं ठरलं. गोविंदराव गावाबाहेरपर्यंत पायी आले. गाडीवानाला बैलांबद्दल, मला पाण्याबद्दल, यमुनेला हिरडीबद्दल सूचना करत ते गाडीबरोबर चालत होते. मोर्णा नदी मागे पडली तेव्हा गाडीवानानेच त्यांना हात जोडले आणि बैलांना हाकललं.

थोडं पुढे गेल्यावर, करमणूक म्हणून, मी यमुनेला त्या काळ्या कोंबडीच्या अंड्याची गोष्ट सांगायला घेतली. सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की तिला कारण सांगता येणार नाही. मी अडखळलो.

"मले माहीत हाये, मास्तर," यमुना म्हणाली. "आत्याबाई 'बशीतला' म्हनाल्या तेवाच समजलं. घरातल्या मधल्या भिंतीबी कुडाच्याच हायेत. परडाचं मरते न नागाचं मरत नाई, हेबी ऐकलं."

"आणि तू गप्प बसलीस?"

"काय करू मग? बाबा आत आले त त्याईच्या मिशीले लाडू लागला होता. माह्या बाबाईनं तो खाल्ला हे मले दिसलं." ती मांडीवरच्या पोरीचं टोपडं नीट करत होती. "लय झोप येऊन राह्यली होती मले. रातभर ही रडली होती. पन जरा डोये मिटले की बाबा मरनाचे भेत. म्हनून बोलत बसली, काईबी. म्हशीचंबी सांगतलं."

एका खोलीत दोन माणसं तीन तास एकमेकांची भीती राखत बसली होती, आणि मी कोंबडीकडे बघत होतो.

"त्याईले सांगू नका," ती म्हणाली. "त्याईले वाटू द्या, मले माहीत नाई."

मी कधी सांगितलं नाही. गोविंदराव मला पुन्हा भेटले नाहीत, मी अमरावतीला असतानाच ते गेले. त्या दिवशी, यमुनेचं बोलणं ऐकून, मी गाडीतून मागे वळून पाहिलं. ते अजून रस्त्याच्या मधोमध उभे होते. समोरून कापसाची भरलेली गाडी येत होती आणि तिचा गाडीवान ओरडत होता, "ओ दवाखानेवाले, बाजूले व्हा ना!" गोविंदराव हलले नाहीत. शेवटी त्यानंच बैल रस्त्याखाली उतरवले आणि त्यांना वळसा घालून गाडी नेली.